आईच्या मेजूचं जांग

१० फेब्रुवारी १९८६, उलसान

चांद्र नवं वर्ष गावी झालं. आज परत. अख्ख्या प्रवासात मांडीवर आईचे मेजू. सगळे सहा. सोयाबीन उकडून, कांडून, विटांसारखे ठोकळे पाडून तिनं पेंढ्यानं छताला टांगले आणि त्याच आठवड्यात गेली. आता मिठाच्या पाण्यात घालून त्यांचं जांग करायचं, सूपात घालायचं मुरलेलं खारट वाटण. ते मी करणार.

वहिनी म्हणाली, भाऊजी, जांग बायका घालतात. मी म्हणालो, तू ग्वांगजू शहरातली, पाकिटातलं खाऊन वाढलेली, तुला काय कळणार. ती म्हणाली, बरं, निदान तीन तरी ठेवा. नाही ठेवले. दादा उठून अंगणात गेला. म्हणजे त्यालाही पटलं असणार.

हे बाबांसाठी. आई गेल्यापासून सूप तिच्या जांगचं असेल तरच बाबा जेवतात. वहिनीनं एकदा बाजारचं घालून बघितलं. एक चमचा घेतला आणि उठले. आणि आईच्या मडक्याचा तळ दिसायला लागलाय.

मला सगळं येतं. वीस वर्षं त्याच अंगणात होतो. जांग घालायच्या दिवशी नेमका बाहेर असायचो, ते वेगळं.

निघताना वहिनीनं आमच्या कोंबडीचं एक अंडं दिलं, वाटेत खायला. उकडायला विसरली. बरंच झालं. जांगच्या पाण्यात मीठ पुरेसं पडलं का ते अंडं तरंगवून बघतात. आईच्या जांगला बाजारचं अंडं? शक्य नाही. मोज्यात गुंडाळून उशाशी ठेवलंय. खोलीची जमीन खालच्या चुलीनं छान तापते, त्याला थंडी लागणार नाही.

१९ फेब्रुवारी

आज घोड्याचा दिवस (पंचांगात बारा प्राण्यांचे बारा दिवस). पहिल्या महिन्यात घोड्याच्या दिवशीच जांग घालतात. ओव्हरटाइम लागला. मग सुपरवायझरशी वाजलं. मग सोजूची बाटली.

पुढचा घोडा ३ मार्चला. तेवढेच मेजू जास्त मुरतील. एका अर्थी मुद्दामच.

संकल्प: सोजू बंद. वेल्डिंगचं सर्टिफिकेट. मग सौदी. इथं जहाजं ठोकत जन्म काढणार नाही.

२ मार्च

खरेदी. मडकं, त्यात टाकायला कोळसा आणि लाल मिरच्या, समुद्राच्या मिठाचं पोतं. मीठवाला म्हणाला, यंदाचं आहे, अजून कडू पाणी सुटतंय, दोन-तीन वर्षं ठेवून वापरा. दुकानदार असून माल घेऊ नका सांगतो! असले लोक धंदा काय करणार.

आईचं मीठ मात्र परसात वर्षानुवर्षं पडून असायचं. ती विसरत असेल.

३ मार्च, संध्याकाळ

झालं! गच्चीवर.

मी राहतो त्या खानावळीची मालकीण, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, कमरेवर हात ठेवून शेजारी उभी. पाण्यात मीठ ढवळलं, अंडं सोडलं. लगेच वर! पाचशे वॉनच्या नाण्याएवढं टोक बाहेर. अगदी नियमाप्रमाणे. मावशी म्हणाली, एवढ्याशा मिठात? मी म्हणालो, अंडं बघा ना. ती म्हणाली, अंडं बघतेय, पोतंही बघतेय. निम्म्याहून जास्त उरलंय. मी म्हणालो, आमच्याकडे असंच.

आई उगाच पसापसा मीठ घालायची. तिला सांगायला हवं होतं.

मेजू पाण्यात सोडले. एकावर तिच्या बोटांचे ठसे आहेत. तो सगळ्यात शेवटी सोडला.

५ मार्च

तेच अंडं सकाळी रामेन नूडल्समध्ये फोडलं. खानावळ रिकामी झाली. दोकसू, माझा खोलीतला जोडीदार, पातेलं घेऊन रस्त्यावर पळाला.

मावशी म्हणाली, अरे शहाण्या, नासलेलं अंडं साध्या पाण्यातसुद्धा तरंगतं! तुझ्या जांगात मीठच नाही. जा, आत्ताच्या आत्ता घाल. मी म्हणालो, अंडं आमच्या कोंबडीचं आहे. ती म्हणाली, कोंबडीला नको नावं ठेवू, तिनं ते कधी दिलं होतं ते आठव.

वर जाऊन आलो. पोतं तिथंच होतं. पण आज मीठ घातलं तर परवा चुकलो असं होतं. मावशी सगळ्या खानावळीला सांगेल. आणि दोन दिवसांत अंडं नासलंही असेल. रविवारी बघू.

९ मार्च, रविवार

सोजू. (संकल्प सोमवारपासून.)

२७ एप्रिल

मेजू बाहेर काढले. पाणी उकळून सोया सॉस, मेजू कुस्करून परत मडक्यात, तेच जांग. वर पांढरी साय होती. वास जरा तेज आहे. ठसेवाला मेजू ओळखू आला नाही.

मावशीनं बोट बुडवून चाटलं आणि थुंकली. म्हणाली, आंबतंय. अजूनही वेळ आहे, इलग्यू, मीठ मिसळ. मला हसू आलं. तिच्या स्वतःच्या जांगला गिऱ्हाईकं नावं ठेवतात. जळतेय.

२० जुलै

मडक्यात अळ्या. दोकसू म्हणाला, बघ, तुझं जांग आता चालायला लागलं, बाबांकडे आपलं आपण जाईल. मी निवडून काढल्या. अळी चांगल्याच जांगात पडते. मग वरून मीठ घातलं, दोन मुठी, म्हणजे मावशीचं तोंड बंद.

सर्टिफिकेटच्या परीक्षेत नापास. प्रश्नच वेडेवाकडे लिहिलेले. चौथीपर्यंत शिकलेल्याला वाचता यायला नकोत का?

१२ ऑक्टोबर

वहिनीचा फोन. आईचं मडकं संपलं. कडा खरवडून शेवटचं सूप परवा केलं. बाबांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. आता भातात पाणी ओततात, चार चमचे, बस. सदरा खांद्यावरून घसरतो म्हणाली.

मी म्हणालो, काळजी सोड, वर्षश्राद्धाला आईचं जांग घेऊन येतोय. ती म्हणाली, भाऊजी, चांगलं झालंय ना? मी म्हणालो, म्हणजे काय!

फोन ठेवल्यावर गच्चीवर गेलो. झाकण उघडलं नाही. उगाच हवा लागते.

२० नोव्हेंबर

बसमध्ये. डबा तीन पिशव्यांत बांधलाय. तरी पुढच्या बाईनं जागा बदलली. शहरातली असेल.

२२ नोव्हेंबर, सकाळ, गाव

काल आईचं श्राद्ध झालं. आज सकाळी वहिनीनं माझ्या जांगचं सूप केलं. पातेल्यावर वाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तिनं भोपळा घातला, वाळलेली मासळी घातली, कांद्याची पात घातली. जेवढं झाकता येईल तेवढं.

बाबांनी एक चमचा घेतला. दादा ताटाकडे बघत राहिला. बाबांनी दुसरा घेतला. मला वाटलं, जमलं!

मग चमचा खाली ठेवून म्हणाले, लग्नानंतर तुझ्या आईचं पहिलं जांग अगदी असंच झालं होतं. तिनंही मीठ कमी घातलं होतं. वर्षभर तेच खाल्लं मी. एक दिवस नाव ठेवलं नाही.

मी म्हणालो, मग खा ना, बाबा.

ते म्हणाले, तेव्हा ती समोर बसायची रे.

भातात पाणी ओतलं. चार चमचे. उठले. सदरा खरंच सैल झालाय.

वहिनीनं विचारलं, डब्यातलं ठेवू का? पुढच्या वर्षी आईच्या हातचे मेजू नसणार, हे कोणीच बोललं नाही. वहिनीनं फेब्रुवारीत तीन मागितले होते, तेही बोलली नाही.

माझ्या पुढची वाटी मी संपवली.

आंबट होतं.