हात न लावण्याच्या हमीबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
'जुळवणी' कुटुंब सल्ला केंद्र,
नवी पेठ, सोलापूर.

अर्जदार : वैजयंती जालिंदर शिवशरण, एम.एस.डब्ल्यू. द्वितीय वर्ष (क्षेत्रकार्यासाठी आपल्या केंद्रात)

विषय : सौ. राजश्री यांना सोमवारी पुन्हा नांदायला न पाठवणेबाबत, तसेच माझ्याकडून मागितलेल्या हमीपत्राबाबत.

संदर्भ : माझे वर्तन 'समाजकार्याच्या विद्यार्थिनीस न शोभणारे' ठरवणारे आपले पत्र.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१. अक्कलकोटच्या राजश्री नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन प्रथम आल्या, तेव्हा त्यांचा ओठ फाटलेला होता. नवरा श्रीशैल यांच्याकडून आपण केंद्राच्या छापील नमुन्यात हमी घेतलीत : 'यापुढे पत्नीस हात लावणार नाही.' राजश्रींना नांदायला पाठवले. अहवालात 'समेट' लिहिले गेले. पेढेही आले, मीही खाल्ला.

२. राजश्री परत आल्या त्या बरगडी मोडून. श्रीशैल यांचा खुलासा जसाच्या तसा देते : "हात कुटं लावला मॅडम? लाथ मारली की." आपण हमीपत्र पुन्हा वाचून भंग झालेला नाही असे सांगितलेत. मला वाटले, मॅडम थट्टा करतायत. आपण पेन काढून 'हात' या शब्दापुढे 'व पाय' लिहिलेत आणि बाईला परत धाडलेत.

३. त्यानंतर पट्ट्याच्या बक्कलने डोळ्याखालचे हाड फुटले. 'व कोणतीही वस्तू' वाढवण्यात आले. पुन्हा पाठवणी. मग श्रीशैल यांनी स्वतः काहीच केले नाही. त्यांच्या आई चिमाबाईंनी तापलेला तवा सुनेच्या पाठीला चिकटवला आणि श्रीशैल दारात उभे राहून बघत होते. त्या पाठीला मी मलम लावले आहे. कातडी बोटाला येत होती. हमीपत्र मात्र आजही शाबूत आहे.

४. गेल्या गुरुवारी केंद्रातच, आपल्या टेबलासमोर, श्रीशैल यांनी राजश्रींचे केस धरून डोके कपाटावर आपटले. एकदा नव्हे, लागोपाठ. मी ओरडले, आता तरी हात लावला ना! आपण म्हणालात, "केस धरणं म्हणजे हात लावणं होतं का, ते बघावं लागेल." आपण बघत होता, तेवढ्यात मी लोखंडी स्टूल उचलले. श्रीशैल यांचे पुढचे दोन दात पडले. वर्गात आम्हाला शिकवतात की, पीडिताच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मी तेवढेच केले.

५. आपण लिहिता की, अशी मुलगी क्षेत्रकार्यात नापास होईल आणि संरक्षण अधिकारी, परिवीक्षा अधिकारी, दवाखान्यातली समाजसेवा अधीक्षक यांपैकी काहीच होऊ शकणार नाही. माझे वडील रिक्षा चालवतात. पत्र ऐकून ते म्हणाले, "तुला समाजकार्य शिकायला घातलं हुतं, तालमीत न्हाय." मग मी सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "दोनच?"

६. मला खुशाल नापास करा. पण सोमवारी राजश्रींना पाठवू नका. महिला वसतिगृहात जागा आहे, मी स्वतः विचारून आले आहे. चौथ्यांदा पाठवलेत तर त्या परत येणार नाहीत, त्यांना आणावे लागेल. आणि मॅडम, तेव्हाही अहवालात समेटच लिहिला जाईल, कारण तक्रार करायला कोणी उरलेले नसेल. मला याची भीती वाटते. लई भीती वाटते.

७. 'यापुढे केंद्रात कोणासही हात लावणार नाही' अशी हमी आपण माझ्याकडून मागितली आहे. ती मी आनंदाने देत आहे. खरे तर गुरुवारीही मी कोणाला हात लावला नव्हता. सोमवारी श्रीशैल राजश्रींना न्यायला येतील, तेव्हा मी स्टुलाजवळच बसलेली असेन.

पास-नापास काहीही झाले तरी आपली नम्र,
वैजयंती जा. शिवशरण
सोलापूर, शनिवार

सोबत :
१) राजश्री यांच्या जखमांचा वैद्यकीय अहवाल.
२) माझे हमीपत्र, केंद्राच्या छापील नमुन्यात, एकही शब्द न वाढवता.