सहा वर्षं अंगात घातलेला शर्ट

१० जानेवारी

चि. सौ. भिंगरी हिस,
अनेक उ. आ.

तुझी गोड बातमी तुझ्या आईने कळवली आणि मी खुर्चीतून असा काही उठलो की गुडघ्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पाचवा महिना लागला म्हणे. आणि मला आत्ता सांगता! असो. पणजोबा होणाऱ्या माणसाने रुसायचं नसतं.

अक्षर वाकडंतिकडं आहे म्हणून काळजी करू नकोस. मला काही झालेलं नाही. हे पत्र मी डाव्या हाताने लिहितो आहे. कारण सांगतो, पण हसायचं नाही. तुझं लग्न ठरलं त्या दिवशी मी एक पांढरा सुती शर्ट अंगात घातला. तो अजून अंगात आहे. संध्याकाळी धुतो, सकाळी घालतो. गिरणीच्या घडीखात्यात मी पस्तीस वर्षं कापडाच्या घड्या घातल्या, म्हणून मला ठाऊक आहे: नवं कापड खळीने ताठ असतं, आणि त्याला खरं मऊ करणारं यंत्र अजून निघालेलं नाही. ते माणसाच्या अंगावरच मऊ होतं. तुझ्या बाबाचा पहिला लंगोट माझ्या शर्टाचा होता, तुझाही होता. तुझ्या बाळाचा पहिला लंगोट या शर्टाचा व्हावा, एवढी एकच इच्छा उरली आहे.

फक्त एक घोळ झाला. उजवी बाही डावीपेक्षा जास्त मऊ निघाली. लिहिणं, जेवणं, कडी लावणं, सगळं उजव्याच हाताने ना! बाळाला एका बाजूने खरखरीत लागायला नको म्हणून गेले आठ महिने सगळं डाव्या हाताने करतो. शेजारच्या वकीलबाईंना वाटतं, माझ्याकडे एकच शर्ट आहे. परवा त्यांनी दाराशी शर्टांची पिशवी ठेवली, वर चिठ्ठी की संकोच करू नका.

तुझ्या बाबाच्या वेळी गॅलरीत लंगोटांची रांग फडफडायची. मला ती शाळेतल्या सामुदायिक कवितेसारखी वाटायची: सगळे एका चालीत, आणि टोकाचा एक नेहमी मागून.

लोभ आहेच. तो आता अडीच माणसांवर पसरायचा आहे.

तुझा,
आजोबा

---

२२ जानेवारी

ती. स्व. आजोबांस,
सा. न. वि. वि.

हसले नाही. फक्त तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवताना तीन वेळा थांबावं लागलं.

आजोबा, तुमची नात कुठे काम करते हे विसरलात का? डायपरच्या कारखान्यात! दिवसभर चाचणीच्या खोलीत एका रबरी बाहुल्याला डायपर बांधते, नळीने त्याच्यात निळं पाणी सोडते आणि किती जिरलं ते लिहिते. बाहुल्याला आम्ही युवराज म्हणतो, कारण तो काही करत नाही आणि सगळे त्याची सेवा करतात. अशा बाईने घरी लंगोट वाळत घातले तर लोक काय म्हणतील?

आणि काळ किती बदलला बघा. बाबांच्या वेळी लंगोट, आणि तो गळला की दुसरा लंगोट. माझ्या वेळी त्यावर रबरी चड्डी आली. तिचे माझ्या मांड्यांवर उठलेले वळ आई अजून पाहुण्यांना सांगते. धाकट्या भावाच्या वेळी लाकडाच्या लगद्याचा कागदी डायपर आला. तो इतका जाड होता की आमचा धाकटा वर्षभर बदकासारखा चालला. आता लगदाही जेमतेम उरलाय. मधे चिमूट-दोन चिमूट पावडर असते, ती सगळं पाणी पिऊन गप्प बसते. बाळाला कळतही नाही की ओलं झालं. बाळ तीन महिन्यांचं झालं की मी कामावर परत जाणार, तेव्हा धुणार कोण? तुम्ही, डाव्या हाताने?

तेव्हा लंगोट नाही म्हणजे नाही. सोबत आमचं एक पाकीट पाठवते आहे. स्वतः तपासून बघा, आणि कृपा करून नवा शर्ट घाला.

राग नसावा, आणि असलाच तर पत्रातून यावा.

तुमची,
भिंगरी

---

६ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरी हिस,
अनेक उ. आ.

अनर्थ झाला आहे. क्रमाने सांगतो.

पाकीट फोडलं, डायपर ओट्यावर पसरला, वाटीभर पाणी ओतलं आणि चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणायला लागलो. हे माझं जुनं माप. घडीखात्यात घड्याळ साहेबांच्या केबिनमध्ये होतं, आमच्याकडे कविता होत्या. कापड किती वेळ भिजवायचं ते आम्ही कडव्यांत सांगायचो. तर नदी अजून डोंगरावरून उतरलीही नव्हती, आणि पाणी गायब! वर हात लावला, कोरडा. मला थोडं वाईट वाटलं. कवितेला वेळच मिळाला नाही. मी दुसरी वाटी ओतली. नदी समुद्राला मिळेपर्यंत सात वाट्या झाल्या, आणि डायपर झोपलेल्या मांजराएवढा झाला.

आणि मग, भिंगरे, मी तो धुतला.

टाकून द्यायचा असतो हे पाकिटावर लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. पण बाळाचं ओलं कापड दिसलं की धुवायचं, यापलीकडे माझ्या हातांना काही माहीतच नाही. बादलीत शर्ट भिजत होता, त्यातच टाकला, चुबकला, आणि पिळला. डायपर फुटला. बघता बघता बादलीतलं पाणी नाहीसं झालं आणि काचेच्या मण्यांचा चिखल उरला. तो मोरीत ओतला तर मोरी तुंबली. नळवाला आला. त्याने तो गोळा मुठीत धरला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाणी आहे. तो माझ्याकडे बघत बघत उलट्या पावली जिना उतरला.

मोरीचं जाऊ दे. शर्टाच्या विणीविणीत ते मणी बसले आहेत. धुतलं की आणखी फुगतात. सहा वर्षं, भिंगरे! आता मला दुसरी सहा कुठून आणायची? उलट टपाली कळव.

घाबरलेला,
आजोबा

---

१० फेब्रुवारी

ती. स्व. आजोबांस,
सा. न. वि. वि.

मीठ! चिमूटभर नाही, चांगलं दोन वाट्या. ती पावडर मिठापुढे हात टेकते, धरलेलं पाणी सोडते आणि आक्रसून जाते. मोरीतही टाका. मग शर्ट वाळवा, जोरात झटका, आणि इकडे पाठवून द्या. कण राहिला असेल तर मी यंत्राखाली बघून सांगेन. याचा अर्थ लंगोटाला हो म्हटलं असा नाही. मी फक्त तपासणार आहे.

(नळवाल्याची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना सांगितली. क्षमा असावी.)

तुमची,
भिंगरी

---

२ मार्च

चि. सौ. भिंगरी हिस,
अनेक उ. आ.

मीठ टाकलं आणि शर्ट माझ्या डोळ्यांसमोर शुद्धीवर आला. आज पार्सल केला. टपाल कचेरीतल्या बाईंनी विचारलं, आत काच आहे का? म्हटलं, नाही, सहा वर्षं आहेत. त्यांनी 'नाजूक' असा शिक्का दोन्ही बाजूंनी मारला.

अंगात काय घालायचं म्हणून वकीलबाईंच्या पिशवीतला निळा शर्ट घातला. त्या जिन्यात भेटल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. निळ्या शर्टात मी मला पाहुण्यासारखा वाटतो. लवकर तपास आणि परत पाठव. उजव्या हाताने लिहिलंय हे लक्षात आलं असेलच, आता त्याला मोकळीक आहे.

तुझा,
आजोबा

---

२० मार्च

ती. स्व. आजोबांस,
सा. न. वि. वि.

कसं सांगू तेच कळत नाही. शर्टात एकही कण नाही. पण शर्ट आता माझ्या हातात नाही.

आमच्याकडे मऊपणा मोजायचं यंत्र आहे. आकडा जितका लहान, तितकं कापड मऊ. आमच्या सगळ्यात चांगल्या डायपरचा आकडा एकोणीस. तुमचा शर्ट ठेवला तर यंत्राने शून्य दाखवलं आणि लाल दिवा लावला: नमुना ठेवलेला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. मेकॅनिक आला, त्याने यंत्र उघडलं, बंद केलं आणि शर्टाकडे बोट दाखवून म्हणाला की बिघाड यात आहे. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी शर्ट आधी एका गालाला लावला, मग दुसऱ्या.

झालं असं की आमच्या पाकिटावर वर्षानुवर्षं छापलंय, जुन्या सुती कापडासारखा मऊ. पण अख्ख्या कारखान्यात जुनं सुती कापड कुणाकडेच नव्हतं! ते आता मिळालं. साहेबांनी शर्ट काचेच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, वर पाटी लावली: मानक क्र. १. हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

मी म्हटलं, तो माझ्या आजोबांचा आहे. ते म्हणाले, आजोबांचे आभार माना.

एक कबूल करते. कुलूप लागण्याआधी मीही हातमोजा काढून हात लावला होता. आजोबा, मला तो माझ्या बाळाला हवा आहे.

रागावू नका. म्हणजे माझ्यावर नको, साहेबांवर चालेल.

तुमची,
भिंगरी

---

२६ मार्च

चि. सौ. भिंगरी हिस,
अनेक उ. आ.

साहेबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मी सहा वर्षं कपाटासाठी झिजवलेली नाहीत. डाव्या हाताने आमटी पिताना निम्मी सांडली ती काय पाटीसाठी? कपाटात ठेवलेलं कापड पुन्हा ताठ होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. कापडाला अंग लागतं. मी स्वतः येऊन त्या कपाटासमोर बसलो असतो, पण तीन जिने आणि आगगाडी हे आता माझ्याच्याने व्हायचं नाही. तेव्हा लढाई तुझी.

शर्ट सुटला आणि मी तिथे नसलो तर घडी नीट ऐक. पाठीचा भाग खाली. कॉलर बाळाच्या पाठीमागे, कमरेच्या वर. खालची कड दोन पायांमधून पुढे आणून पोटावर. दोन्ही बाह्या बाजूंनी घेऊन वर गाठ. ते कापू देणार नसतील तर अख्खा बांध! बाह्या आता सारख्याच मऊ आहेत, गाठ रुतणार नाही. साधी गाठ मारायची, एका ओढीत सुटली पाहिजे, कारण बाळ ओलं झालं की वाट बघत नाही.

तब्येतीला जप. आणि हार मानू नकोस.

तुझा,
आजोबा

---

८ जून

ती. स्व. आजोबांस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली ती तार तुम्हाला पोचलीच. आम्ही दोघी ठणठणीत आहोत. ती माझ्यापेक्षा मोठ्याने रडते, असं आई म्हणते, आणि आईला तुलना करायचा अधिकार आहे.

आता शर्टाचं. साहेब विनवण्यांना बधत नाहीत, पण अर्ज त्यांना नाकारता येत नाही, हे मला सुटीत सुचलं. चाचणीचा कोरा फॉर्म घेतला आणि भरला: मानक क्र. १, प्रत्यक्ष वापर चाचणी. चाचणीचं साधन, बाळ, एक नग. वय बावीस दिवस. नाव, ठरायचं आहे. साहेबांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. मग सही केली आणि खाली अट लिहिली: मानक कापता येणार नाही.

काल मी तिला कारखान्यात घेऊन गेले. युवराजाला टेबलावरून उचलून खुर्चीत बसवलं. साहेबांनी हातमोजे घालून शर्ट आणला. तुमच्या पत्रातली घडी त्यांनी मोठ्याने वाचली, चाचणीच्या खोलीतल्या आम्ही तिघींनी ती घातली. कॉलर पाठीमागे, खालची कड पोटावर, बाह्यांची साधी गाठ. ती त्यात इतकीशी दिसत होती, आणि हातपाय पसरून अगदी शांत पडली होती. मग चाचणीत ढवळाढवळ नको म्हणून साहेबांनी सगळ्यांना काचेच्या पलीकडे उभं केलं. मलासुद्धा! नियम म्हणजे नियम.

पुढचं अहवालातून उतरवते, अक्षर साहेबांचं आहे:

"ओलं होण्यास लागलेला वेळ: चार मिनिटं. मानकाने धरून ठेवलेलं पाणी: जवळपास काही नाही. टेबल: ओलं. जमीन: ओली. तुलनेसाठी त्याच बाळाला आपला डायपर बांधला. वेळ: अकरा मिनिटं. टेबल: कोरडं. बाळ रडलं नाही. कोणी हललं नाही. काही जण चहा प्यायले. मानक क्र. १ बाबत शेरा: बाळ रडलं. सात जण धावले."

आजोबा, सगळ्यात पुढे साहेब होते. काचेचं दार ओढायचं की ढकलायचं ते विसरले आणि दारावर आपटले. तिला उचललं त्यांनीच, आणि त्यांचा कोट कोपरापर्यंत भिजला. मग म्हणाले, ओलं झालेलं मानक नियमाने बाद होतं. त्यांनी स्वतः पाटी काढली आणि शर्ट माझ्या पिशवीत घातला. आता तो आमच्या दोरीवर वाळतोय. रोज डायपरच बांधेन, हे आधीच सांगून ठेवते. पण सकाळचा एक तास शर्ट.

तुमच्या पणतीचा नमस्कार. तो ती अजून पायांनी करते.

तुमची,
भिंगरी

---

१३ जून

चि. सौ. भिंगरी आणि चि. बाळ (नाव ठरेपर्यंत) यांस,
अनेक उ. आ.

पत्र आत्ता पोचलं. बाकीचं सावकाश लिहीन, आधी एक दुरुस्ती साहेबांना आजच्या आज कळव. अहवालात सात लिहिलंय, ते आठ करायला सांग.

'बाळ रडलं' इथपर्यंत वाचलं, आणि पुढचं वाचायच्या आत मी उठलो होतो. भानावर आलो तेव्हा एक जिना उतरून खाली होतो, एका पायात चप्पल, आणि वकीलबाई विचारत होत्या की असे पळत कुठे निघालात. मी म्हटलं, बाळ रडतंय. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, कुठे?

लोभ कोरडा पडू देऊ नका.

तुम्हा दोघींचा,
आजोबा