गणपतीपर्यंतचे पापड

३ सप्टेंबर २०२३

सगळी पाकिटं परत! अष्टमी गावातल्या दुकानातून हैबतरावांनी टेम्पोत टाकून धाडली. फोनवर म्हणाले, "ताई, तारीख उलटली की! सणाच्या तोंडावर गिऱ्हाइकाला कसा देऊ हा माल?"

पाकीट उलटं करून बघितलं. ३१ ऑगस्ट. शिक्का मीच मारलेला.

संध्याकाळी —

चूक सापडली. हसावं की रडावं! उन्हाळ्यात पापड वाळत होते तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, हे टिकतात किती? "गणपतीपर्यंत गो. आपल्यात पयल्यापासून तसंच." झालं! मी गेल्या वर्षीच्या गणपतीची तारीख ठोकून दिली. यंदा अधिक श्रावण. गणपती पुढं सरकले, माझा शिक्का तिथंच.

४ सप्टेंबर

हे शिफ्टवरून आले. "नवीन स्टिकर लाव, विषय संपव." मी म्हटलं, पाकिटावर नाव माझं आहे, जमणार नाही. "मग फेक." फेकू? वैशाखात पाठ भाजून लाटलेले पापड फेकू?

सासूबाईंचं एकच. "गणपती आला नाय अजून. मंग पापड खराब कसा व्हईल?"

पाकिटं ओटीवर रचून ठेवली.

८ सप्टेंबर

शांतीचा फोन. माझी नणंद, नागोठण्याला दिलेली. सातवा महिना लागलाय. "वहिनी, गौरीला येतेय! पोह्याचे पापड ठेव हां. झोपेतपन तेच दिसतात!"

विकायचे नाहीत हे ठरलंच होतं. पण घरात खायचे? आणि तिला द्यायचे? किती नवसांनी दिवस गेलेत तिला.

९ सप्टेंबर

ओटीवर पाकिटंच पाकिटं. एकेक फोडायचं, उजेडात धरायचं, वास घ्यायचा. सासूबाई पाटावर, अगदी न्यायाधीश! "आधी तू घे वास. काय येतो?" मी सांगायचं. हिंगाचा येतो, मिरीचा येतो. मग त्या पाकीट नाकाशी नेणार, डोळे मिटणार. "व्हय. ठेव."

काहींना वास आला. एकात तर बुरशीचा ठिपका. "काय येतो?" कुबट येतो, आई. परत डोळे मिटून — "व्हय. टाक भायेर."

काय नाक आहे या बाईचं! मला उगाच तारखेचं टेन्शन.

१० सप्टेंबर

तळले. फुलले!! आम्ही तिघांनी खाल्ले. आता वाट बघायची.

१२ सप्टेंबर

तिघांचीही पोटं ठणठणीत. ह्यांनी कंपनीत डब्यातसुद्धा नेले — तेच, जे "फेक" म्हणाले होते!

१९ सप्टेंबर

बाप्पा आले. सासूबाईंनी आरती झाल्यावर मला कोपरानं ढोसलं. "आता खरी तारीख झाली बघ."

२२ सप्टेंबर

गौरीचं जेवण. शांतीच्या ताटात पापड वाढताना परत एकदा वास घेतला, खोटं कशाला लिहू. तिलाही कुठून तरी तारखेचं कळलेलं. "आये, खाऊ ना गो?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"खा."

खाल्ला. मग आणखी. मग भावाच्या ताटातलाही पळवला! घरभर हसणं. रात्रभर माझा डोळा लागला नाही, पण ती मात्र ढाराढूर.

२४ सप्टेंबर

शांती सुखरूप सासरी गेली. रिक्षात बसताना कानाशी वाकली. "वहिनी, आयचं नाक परत आलं काय गो? करोनापासून तिला कसलाच वास येत नाय. तुला सांगू नको म्हनली होती."

म्हणजे सगळी पाकिटं पारखली ती — मी!

संध्याकाळी दुधाचं पातेलं सासूबाईंपुढं धरलं.

"आधी तू बघ."

बघितलं. चांगलं आहे, आई.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ठेव."