आळीतली कावीळ

नेरे, ता. मुळशी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. आशालतास,

धोंडाबाईचा आशीर्वाद. साताऱ्याला लेकीकडं तू बरी असशील, जावईबापू आणि पोरं खुशाल असतील. हितं आमी सगळी ठीक हाय.

भात कापून, झोडून घरात आलं. औंदा इंद्रायणी चांगली धरली होती. तुझ्या वाट्याचं खाचर बी माझ्या शंभूनंच कापलं आणि पेंढा तुझ्या पडवीला रचून ठेवलाय. तुला विचारायला फोन लावला होता, तू उचलला न्हाईस. तुझ्या माडीवर ऱ्हातो तो अकोल्याचा पियूष सकाळी कंपनीची गाडी यायच्या आत तुझ्या तुळशीला पाणी घालतो. मी सांगितलं न्हाई, आपणहून घालतो.

तुझ्या शुभांगीला फोन केला तर ती म्हणाली, "मोठ्या आई, आई जेवते, पोरांचं सगळं करते, पण नेऱ्याचं नाव काढलं की उठून आत जाते." मग म्हटलं, फोन न्हाई तर कागद धाडावा. कागदाला उठून जाता येत न्हाई. गेलीस तरी परत आल्यावर तो तिथंच पडलेला असंल.

बहिरू भावजी गेले, वाटणी झाली, मधे भिंत आली, आणि आपल्या दोघी जावांचं बोलणं तुटलं. एका बोअरचं पाणी दोन घरांत आणि आळीत जात होतं, तेवढाच काय तो संबंध. त्यातच गणपती उठल्यावर आळीत कावीळ आली. आधी गिरणीवाला पडला, मग त्याची म्हातारी, मग देवळाजवळची दोन घरं. लोक म्हणायला लागले, तुझ्या माडीवरच्या भाडेकरूंनी आणली, कुठल्या कुठल्या गावची पोरं ही. गिरणीवाल्याच्या घरची भांडी कुणी शिवंना. पोरांना त्यांच्या दारावरनं जाऊ देत नव्हते.

आणि मग आमच्या शंभूची रेश्मा. सातवा लागला होता तिला. आधी अन्नावरची वासना गेली, उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं, दिवस हायेत, असं व्हायचंच. मग एका सकाळी भाकरी थापताना तिनं माझ्याकडं वर बघितलं आणि तिचे डोळे हळदीसारखे. मी शंभूला म्हटलं, पौडाकडं एकजण काविळीचं औषध देतो, पाला वाटून पाजतो, उद्या त्याच्याकडं नेऊ. माझ्या वेळेला माझी कावीळ तशीच उतरली होती.

त्याच दिवशी आरोग्य केंद्राची माणसं आली. त्यांच्यातली डॉक्टरीण घरोघर एकच विचारत होती, पाणी कुठलं पिता. आजारी घरं सगळी बोअरच्या नळावरची निघाली. तुझ्या माडीवरची पोरं विकतचा जार आणतात, त्यांच्यातलं कुणी आजारी नव्हतं. ती आमच्या अंगणात उभी राहून सगळ्यांना म्हणाली, "ही कावीळ हात लावल्यानं होत नाही, शेजारी बसल्यानं होत नाही. आजारी माणसाच्या, कधी वरून धडधाकट दिसणाऱ्याच्याही, शौचातून ती पाण्यात उतरते आणि त्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जाते. घाण पाण्यात कुठून येतेय ते सापडलं, तरच ही थांबेल."

आणि तू भिंतीला वळसा घालून आमच्या अंगणात आलीस.

मला अजून दिसतंय ते. पदर खोचलेला, हातात ओल्या मातीचं ढेकूळ. तू म्हणालीस, "डॉक्टर, माझ्या माडीच्या संडासाची टाकी फुटलीया. बोअरच्या अंगाला जमीन ओली हाय, वास येतोय. हे बघा." ती टाकी बांधलेला तुझा ठेकेदार मागं उभा होता. तो बारीक आवाजात म्हणाला, "ताई, असं चारचौघांत कशाला बोलता, मी करून देतो की." तू त्याच्याकडं मान सुद्धा वळवली न्हाईस. मग आळी पेटली. काय काय बोलले तुला, ते मी हितं लिहीत न्हाई. तू माझ्याकडं वळून विचारलंस, "आक्का, रेश्मा कुटं हाय? चार दिस झालं दिसली न्हाई."

डॉक्टरणीला तूच आत घेऊन गेलीस. तिनं रेश्माचे डोळे बघितले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, पोटुशी बाईला ही कावीळ जिवावर बेतते, आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. मी पौडाचं बोलायला गेले, तर तू माझा हात धरलास. "आक्का, झाडपाला नको. आत्ताच्या आत्ता निघू."

हिंजवडीच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मी देवाचं नाव घेत बसले होते. पुढं बस, मागं कंपन्यांच्या गाड्या, बाजूनं दुचाक्या. शंभू नुसता हॉर्न दाबत होता. रेश्माचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तू ते माझ्या मांडीवर दिलंस, दार उघडून उतरलीस आणि त्या गर्दीत चालत गेलीस. एकेका गाडीच्या काचेवर थापा मारून सांगत होतीस, "पेशंट हाय, बाजूला घ्या." नऊवारीतली बाई मधोमध उभी बघून ते कॅबवाले बी बिचकले असतील. वाट झाली. तू पळत येऊन परत गाडीत बसलीस, तेव्हा तुझी एक चप्पल पायात नव्हती.

दुसऱ्या दिवशी आळीतली माणसं तुझ्या दारावर आली आणि शुभांगी येऊन तुला घेऊन गेली. मी दवाखान्यात होते, तुला थांबवायला कुणी नव्हतं.

तू गेल्यावर बोअर बंद केली. टाकी उपसली, ती जागाच बुजवली, आता पार रस्त्याच्या बाजूला लांब नवीन बांधलीया. तोवर टँकर आला. घरोघर पाण्याचं औषध दिलं, पाणी उकळूनच प्यायचं म्हणून बजावलं. डॉक्टरीण म्हणाली होती, आजार आधीच पोटात गेलाय, त्यामुळं महिनाभर नवीन माणसं पडतील, घाबरू नका. पडली बी. मग हळूहळू थांबली. गिरणी परत सुरू झाली. तुला सगळ्यात जास्त बोलली ती देवळाजवळची म्हातारी आता नातवाला म्हणते, संडासातनं आलास, आधी साबण लाव. त्या बोअरचं पाणी अजून महिनाभर कुणाला कळलं नसतं, तर आळीत किती घरं पिवळी झाली असती, याचा हिशोब मला लावता येत न्हाई.

एवढं सगळं लिहिलं, आणि जे लिहायला बसले ते अजून लिहिलं न्हाई.

आशा, बाळ गेलं. मुलगी होती. रेश्मा तिथं दाखल असतानाच कळा आल्या आणि ती मेलेलीच जन्मली. केस लई होते तिला, काळे. शंभूनं तिला फडक्यात घेतलं आणि कितीतरी वेळ दिलीच न्हाई. तुला हे कुणीतरी कळवलंय, मला पक्कं ठाऊक हाय. म्हणूनच तू फोन उचलत न्हाईस.

पुढचं कुणी कळवलं न्हाई वाटतं. रेश्मा मग शुद्धीत राहिना. कुणालाबी ओळखंना, मला आई म्हणून हाक मारायची. डॉक्टर रोज सांगायचे, आज काही बोलता येत न्हाई. आणि एका सकाळी तिनं डोळे उघडून, मला सासू म्हणून ओळखून विचारलं, "आत्या, भात कापायला आला का?" घरी सोडताना मोठे डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर हिलाही वाचवू शकलो नसतो." तो एक दिवस पौडाच्या वाटंवर गेला असता. तो तू आम्हाला दिलास.

टाकी तुझी होती, हे मी लपवत न्हाई. तो राग माझ्या बी मनात आला होता. पण ती फुटली हे कुणाला दिसत नव्हतं. तुझ्याशिवाय कुणी सांगणारं नव्हतं, आणि सांगितल्यावर काय होईल ते तुला दिसत होतं. तरी तू आलीस. माझ्या घरात आज चूल पेटते, सून माझ्यासमोर बसून लसूण सोलते, ती तुझ्यामुळं. हे तोंडानं सांगायला मला जमलं नसतं. म्हणून लिहिलं.

आता ये. आळीतलं कुणी काही बोललं तर मी तुझ्या पुढं उभी राहीन.

तुझी थोरली जाऊ,
धोंडाबाई

खाली रेश्माला दोन ओळी लिहायच्या हायेत, तिनं कागद मागून घेतला:

काकी, पहिले काही दिवस मी तुम्हालाच दोष देत होते. खोटं कशाला लिहू. आता देत नाही. गाडीत तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवून सारखं म्हणत होता, झोपू नको, माझ्याशी बोल. मला तेवढंच आठवतं. आता मी बोलते, तुम्ही ऐकायला या.

रेश्मा