कागदावर तुझं नाव

बीदर, दवाखान्यातून
१८ जुलै २०२५

चि. मंगल,
अनेक आशीर्वाद. भालकीला तूर बरी उगवली आहे, पोरं शाळेत जातात, माझी साखर जरा वाढली आहे. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहून फोटो पाठवते आहे.

परवा मी तुला ‘अप्पा बरे आहेत’ म्हणाले ते खोटं होतं. चार दिवस झाले, श्वासाच्या मशीनवर आहेत.

आता पुढचं. संक्रांतीत अप्पांनी नोटरीसमोर एक कागद केला. शेवटच्या दुखण्यात मशीन लावू नका, मला बोलता आलं नाही तर मंगल ठरवेल, असा. साक्षीला तिप्पण्णा मास्तर होते. तुला पाठवायला म्हणून कागद माझ्याकडे दिला. मी तो साड्यांखाली ठेवून दिला.

अकरा वर्षं त्यांचं अंथरूण मी धुतलं. तू बेंगळुरूहून वर्षातून दोनदा यायचीस आणि पुढे आठवडाभर त्यांच्या तोंडी तूच. माझा जीव जळायचा, अजून जळतो. कागद हातात आला तेव्हा मी विचारलं, “अप्पा, माझं नाव कामून न्हाई?”

“तू सोडायची न्हाईस मला. मंगल सोडंल.”

देवानं दिलेला श्वास आपण कोण थांबवणार, असं म्हणून मी त्यांच्याशी भांडले. परवा डॉक्टरांनी विचारलं, यांनी काही लिहून ठेवलंय का? मी नाही म्हणाले. देवासाठी नव्हे गं. तिथे तुझं नाव होतं म्हणून.

तारा लावताना नर्सबाईंनी त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून घड्याळासोबत माझ्याकडे दिलं. दीक्षा झाल्यापासून ते कधी अंगावेगळं झालं नव्हतं. लिंग तळहातावर असताना जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. काल जरा शुद्ध आली तर हात छातीवर चाचपत होता. मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

आज सकाळी डॉक्टरांना कागद दाखवला. त्याचा फोटो सोबत आहे. ते तुझ्याशीच बोलणार, मी बाहेर बाकावर बसणार. मिळेल त्या गाडीने ये. काय ठरवायचं ते ठरव, मी आडवी येणार नाही.

पण लिंग त्यांच्या हातावर मी ठेवणार. ते तुला देणार नाही.

अजून रागावलेली,
तुझी अक्का
विजयश्री