पदराखालची बटणं

सर, तुमच्या टायपिंगच्या वर्गाला लागून पंक्चरवाल्याचा गाळा होता ना, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. मागच्या महिन्यात मी तिथे फोन घ्यायला गेले आणि तुमची विद्यार्थिनी म्हणवून घ्यायची लाज वाटावी असं काम करून आले. दुकानदाराने काउंटरवर दोन फोन ठेवले आणि म्हणाला, मॅडम, लिहून बघा, हात बसतो का ते कळेल. मी त्यातला लहान फोन सपाट ठेवला, मनगटं उचलली, दहाही बोटं तुम्ही लावून द्यायचात तशी लावली, मान ताठ केली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सुरू केलं. ओळ संपली असं वाटलं तेव्हा डावा हात आपोआप उठला आणि मशीनचा दांडा ढकलावा तसा हवेतून फिरला. तिथे दांडा नव्हता, दुकानदाराचा चहा होता. त्या बिचाऱ्याने फडक्याने काच पुसली, फोन माझ्यापुढे धरला आणि हे बघून दाबायचं असतं मॅडम, एवढंच म्हणाला. फोनवर जे उमटलं होतं ते ना मराठी होतं ना इंग्रजी. तुमच्या लाल पेन्सिलीलासुद्धा त्यात कुठून सुरुवात करावी हे कळलं नसतं.

घरी येईपर्यंत तुमची आठवण येत राहिली. जणू पुन्हा मी अठरा वर्षांची आहे, जिंतूरच्या स्टँडमागच्या त्या खोलीत आठ मशीन एकदम वाजतायत आणि प्रत्येक मशीनवर बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली पेटी उपडी घातलेली आहे. समोरून उघडी, वरून बंद. आम्ही तिला खुराडं म्हणायचो. बोटं खुराड्यात घालायची आणि डोळे बाजूच्या कागदावर ठेवायचे. मला मात्र चैन पडायचं नाही. आपण नेमकं काय दाबतोय हे बघितल्याशिवाय कसं कळणार, म्हणून मी मान वाकडी करून पेटीच्या फटीतून बघायची. एका दुपारी तुम्ही मागून आलात आणि पेन्सिलीने खुराड्यावर टकटक केलंत. "खाली काय बघायलीस? तिथं काय वाढून ठिवलंय? बोटायला डोळे असतात, पोरी. तू त्यायला झोपू घालायलीस." सगळ्या वर्गाचे हात थांबले होते. मला इतकं लागलं की दोन दिवस मी वर्गाला आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा माझ्या खुराड्याची फट चिकटपट्टीने बुजवलेली होती.

त्या बोटांनी मला शाळेच्या ऑफिसातली नोकरी मिळवून दिली, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. आमचे हे जिनिंगमध्ये होते ते आठवत असेल. सरकी आणि कापूस वेगळा करणाऱ्या त्या मशीनच्या घरघरीत त्यांची पंचवीस वर्षं गेली आणि जाताना कान घेऊन गेली. एकदम नाही. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग फोन, मग मी. कानातलं यंत्र आणलं, तर म्हणाले ह्यात माणूस कमी आणि जिनिंगच जास्त ऐकायला येतंय. ते टेबलाच्या खणात जाऊन पडलं. खरं सांगू का सर, कान गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण ते लोकांना कळेल याची धास्ती त्याहून मोठी होती. चारचौघांत कुणी काही बोललं की हे मान हलवायचे, आणि मान चुकीच्या जागी हलली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग मी एक युक्ती काढली. आम्हा दोघांकडेही बटणांचे फोन होते. माझा पदराखाली, त्यांचा सदऱ्याच्या खिशात, आवाज बंद करून थरथरीवर ठेवलेला. पाच आकड्याच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो, तो अंगठ्याला लागला की सगळी बटणं सापडतात. कोणतं बटण किती वेळा दाबलं की कोणतं अक्षर येतं ते मी पंधरा दिवसांत पाठ केलं. तेव्हापासून समोर पाहुणे बोलत असले की मी त्यांच्या तोंडाकडे बघत हूं हूं करायची आणि पदराखाली अंगठा चालू ठेवायची. यांच्या खिशात थरथरायचं. हे वेळ बघितल्यासारखा फोन काढायचे, वाचायचे, मग बरोबर ते बोलायचे. मुलीचं लग्न असंच जमलं. ताडकळसहून मंडळी आली होती, बैठक दोन तास चालली, आणि मुलीच्या वडिलांना ऐकू येत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. निदान मी तसं धरून चालले होते. लग्न ठरल्यावर मला पहिल्यांदा तुमचंच बोलणं आठवलं, बोटांना डोळे असतात ते. एकच खोट होती. लिहायला वेळ लागतो ना. कुणी काही गमतीचं बोललं की सगळे हसून मोकळे व्हायचे आणि चहाचा घोट घ्यायचे, तेव्हा यांचं हसू यायचं. मी ते सांभाळून घ्यायची, पुन्हा एकदा सगळ्यांबरोबर हसायची.

या दिवाळीनंतर माझ्या फोनची बटणं दगा द्यायला लागली. सात दाबलं की दबून राहायचं, आणि पाचवरचा उंचवटा झिजून गुळगुळीत झाला. दुरुस्तीवाला म्हणाला, याचं सामान आता येत नाही, बटणांचा नाद सोडा, काचेचा घ्या. म्हणून मी त्या दुकानात गेले होते. दोन फोन त्याने दाखवले. लहान फोन मुठीत मावणारा, अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा, बोट टेकलं की हलकी थरथर देणारा. दुसरा मोठा, शाळेच्या पाटीसारखा. त्याच्यावर अक्षरं एवढी मोठी करता येत होती की हातभर लांबून वाचावीत. दुकानदाराने त्यावर एक सोय चालू करून दाखवली. तो बोलत गेला आणि त्याचं बोलणं खाली लिहून येत गेलं. लहानातही आहे म्हणाला, पण अक्षर एवढंसं येतं, वय झालेल्याला चष्मा घालूनही जड जातं. मी तिथेच ठरवून टाकलं की लहान घ्यायचा. तो पदराखाली राहिला असता. उंचवटा नसला तर नसला, काचेवर पाचच्या जागी नेलपॉलिशचा ठिपका देईन असं माझं चाललं होतं. चहा सांडल्यावरही मी हेच मनात धरून घरी आले. सर, माझा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे.

त्यात थोडा स्वार्थही होता. आयुष्यभरात मला एकच गोष्ट दुसऱ्यांपेक्षा बरी येते, न बघता लिहिता येतं. बोललं की आपोआप लिहून येणारा फोन घरात आणला तर मी कशाला उरते? भाकरी काय, कुणीही थापतं. ही गोष्ट मी यांना सांगितली नाही. दोन्ही फोनची वर्णनं वहीच्या पानावर लिहून त्यांच्यापुढे ठेवली आणि लहान फोनपुढे दोन बरोबरच्या खुणा केल्या. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानदार मोठा फोन हातात धरून बोलत होता आणि हे ती अक्षरं उमटताना बघत होते. एका जागी त्यांनी मान हलवली, आणि ती बरोबर जागी हलली. मी त्यांच्या बाहीला हात लावला आणि लहान फोनकडे बोट केलं. हा पदरात राहील, हे त्यांना खुणेनेच सांगितलं.

ते मोठ्याने बोलले. ऐकू येत नसल्यापासून त्यांना आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही, दुकानातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. "मोठा घे. तू किती दिवस पदराखाली लिवणारंस? तुझं अर्धं ध्यान माझ्यात अन् अर्धं लोकात, जेवताना सुदा तुझा अंगठा हालत असतोय. बहिरा मी हाय, बेजार तू व्हायलीस. झाकायचं काय हाय आता." मला तिथे रडू आलं. दुकानदाराने पुन्हा चहा मागवला, आणि या वेळी तो पेला माझ्या डाव्या हातापासून लांब ठेवला.

पहिले आठ दिवस त्या फोनने आम्हाला छळलं. आमची बोली त्याला झेपत नाही. मी आपली नेहमीसारखी बोलले तर तो भलतंच लिहायचा, म्हणून मला वर्गात तुम्ही उतारा सांगायचात तसं, शब्द तोडून, पुस्तकातल्यासारखं बोलावं लागायचं. आपण जेवावयास बसूया का, असं. हे वाचून हसायचे आणि म्हणायचे, कलेक्टरीणबाई, बसा. स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ठेवते आणि भाकरी थापत बोलते. दोन्ही हात पिठात असले तरी बोलणं थांबत नाही. याआधी कधी असं जमलं नव्हतं, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

मग गेल्या रविवारी ताडकळसचे व्याही आणि विहीणबाई धाकट्या मुलाच्या लग्नाचं आवतण घेऊन आले. मी फोन स्वयंपाकघरात लपवून आले होते. ऐन वेळी माझा धीरच होईना. यांनी स्वतः उठून तो आणला, बैठकीत पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाले, मला ऐकायला येत नाही, ह्याच्याकडं तोंड करून बोला. मी जमिनीकडे बघत बसले. काय होतंय ते बघवेना. व्याही जरा पुढे सरकले, घसा खाकरला आणि ग्रामसभेत बोलावं तसं त्या फोनला सांगितलं की सोयरीक जुळायच्या आधीपासून आम्हाला हे ठाऊक आहे, जिनिंगमध्ये राबलेल्या माणसाचे कान कुणाचे शाबूत असतात? चांगलं घर बघून मुलगी केली, कान बघून नाही. विहीणबाई माझ्याकडे वळल्या. त्यांना म्हणे वाटायचं की मी पदराखाली माळ ओढत असते. एवढं नामस्मरण करणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती, आणि आपल्या गावात त्या तसं सांगतही होत्या.

तेवढ्यात व्याह्यांनी तांब्याकडे झुकून म्हटलं, "तुमचं लय बरं हाय पाव्हणं. तुमाला ऐकायला येत न्हाई. मला येतंय, अन् तरी घरात न्हाई आल्यावानीच बसावं लागतंय." ते वाक्य मोडकंतोडकं का होईना फोनवर उमटलं, आणि सर, हे हसले. सगळ्यांबरोबर हसले. व्याही, विहीणबाई, मी आणि हे, चौघं एकाच वेळी. इतक्या वर्षांत त्यांचं हसू एकटं मागून आलं नाही असं हे पहिल्यांदाच झालं. मी हसता हसता बघितलं तर माझा अंगठा पदराखाली आपला हलतच होता. खाली काही नव्हतं, नुसता पदर. मी हात बाहेर काढून मांडीवर ठेवला.

हे सगळं तुम्हाला का लिहितेय ते आता सांगते. परीक्षेच्या दिवशी आम्ही आपापली मशीनं एसटीत मांडीवर घेऊन परभणीला गेलो होतो. जिंतूरपासून परभणीपर्यंत त्या लोखंडाने मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. आदल्या संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना घरी पाठवलंत आणि मला थांबवून माझ्या मशीनच्या दोन बटणांवर, दोन्ही तर्जन्यांच्या खाली, बोटांना जागा लागावी म्हणून लाखेचा एकेक थेंब पाडलात. एवढे कडक तुम्ही, आणि म्हणालात, कुणाला सांगू नको. मी सांगितलं नाही. परीक्षेला खुराडी चालत नव्हती. तुम्ही खिडकीबाहेर उभे होतात आणि नंतर कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला सांगत राहिलात की त्या कोपऱ्यातल्या मशीनवर एक पोरगी होती, भर परीक्षेत तिनं एकदा सुद्धा खाली बघितलं नाही. मी नोकरीला लागल्यावर भेटायला आले तेव्हाही माझ्यादेखत तुम्ही ते सांगितलंत, आणि मी साडीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकून घेतलं.

मी बघितलं होतं, सर. दुसऱ्या उताऱ्यात बोटं सरकली, लाख सापडेना, आणि मी मान खाली घातली. बघितलं, बोटं जागेवर लावली आणि पुढचं लिहिलं. त्या वेळी तुम्ही खिडकीत विडी पेटवायला तोंड वळवलं होतंत. का वळवलंत, ते व्याह्यांचं 'आधीपासून ठाऊक आहे' ऐकेपर्यंत मी स्वतःलाही विचारलेलं नव्हतं. हा कागद खणात, कानातल्या त्या यंत्राशेजारी ठेवते.