पोट मोठं, कड बारीक

७ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी रायफल तयार आहे. जुनी नळी पार झिजली होती, ती काढून नवी, जरा रुंद बसवली. अस्वलांच्या मुलखात तू त्या खडक मोजणाऱ्या मंडळींची राखण करतेस, तेव्हा काडतूस दमदार हवं असं मी ठरवलं. नवं काडतूस बघून तुला कोणाची तरी आठवण होईल. पोट सुटलेलं, पण बुडाची कड बारीक, जुन्याच मापाची. तुझी वहिनी म्हणाली, की जुनी पॅंट व्हावी म्हणून पोटाखाली पट्टा बांधणारा माणूस ती रोजच बघते.

फायदा असा, की पोटात दारू जास्त मावते, मार जोरदार होतो, आणि कड जुन्या मापाची असल्यामुळे काडतूस नळीत सारणारा दांडा, म्हणजे बोल्ट, बदलावा लागत नाही. तोटाही आहे म्हणतात. मॅगझिनमधलं, म्हणजे खालच्या खणातलं, काडतूस पुढे ढकलायला बोल्टला ती बारीक कडच मिळते. कधी तो वरून निसटतो आणि काडतूस खालीच राहतं. मी दुकानात बाकावर बसून, चहा पीत पीत तपासलं. एकदाही निसटला नाही. हाताला गुण असतो एकेकाच्या, दुसरं काय!

पत्राला उशीर झाला तरी चालेल, कौतुकाला नको.

तुझा,
दादा

२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रायफल पोचली. पहिलाच बार काढला आणि खांदा असा धरला, की केस विंचरायला हात वर जाईना. मार मात्र खरंच जोरदार. ज्या ओंडक्यावर नेम धरला होता, त्याच्या शेजारच्या ओंडक्याच्या ढलप्या उडाल्या.

काल सरावात एकदा बोल्ट पुढे गेला आणि काडतूस मागेच राहिलं. घाईत मी तो पुरता ओढला नसणार. माझी घाई तुला ठाऊकच आहे, तेव्हा कारागिराला बोल लावत नाही. आमचे साहेब, म्हणजे खडकवाल्यांचे प्रमुख, दिवसभर चष्म्यातून दगडाशी गप्पा मारतात. अस्वल आलं तर त्यालाही ते आधी हातोडीनं ठोकून बघतील.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस, रायफलीचं वजन कमी केलंस तर चालेल.

तुझी,
धाकटी

२३ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे, हे आधी वाच. वहिनीलाही हेच वाक्य आधी वाचून दाखव.

काल ओढ्याकाठी साहेब आणि त्यांचे दोन सोबती दगड फोडत होते. मी मोठ्या रुबाबात पहारा करत होते, म्हणजे खरं तर बुटातला खडा काढत होते. तेवढ्यात खडकामागून अस्वल निघालं. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, अशी मी पुढे झाले आणि नियमाप्रमाणे पहिला बार हवेत काढला. ते थांबलं नाही. बोल्ट ओढला, ढकलला, नेम धरला, चाप दाबला, आणि नुसतं टक् वाजलं. बोल्ट काडतुसावरून निसटून रिकाम्या नळीवर बंद झाला होता.

मग मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. आईनं ऐकलं असतं तर तिनं अस्वलाची बाजू घेतली असती. मागून सोबती पत्र्याच्या पेटीवर हातोडी बडवू लागले. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, आमच्याकडे बघितलं, आणि वळून उतारावरून निघून गेलं. साहेब मागे सरताना पडले, त्यांचं मनगट मोडलं.

रायफल रसदीच्या गाडीबरोबर परत पाठवते आहे. दोष काडतुसाचा की माझ्या हाताचा, कळत नाही. पण चमचा धरला तरी हात थरथरतो. साहेबांना सांगून टाकलंय, की दुसरा राखणदार शोधा.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी लिहीत राहा.

धाकटी

६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचलं. रायफल पोचताच ती घेऊन मी दुकानात गेलो.

दोष तुझ्या हाताचा नाही. या खेपेला बाकावर न बसता मी जमिनीवर गुडघे टेकले, जाड हातमोजे घातले, मॅगझिनमध्ये नकली काडतुसं भरली आणि अंगावर अस्वल येतंय अशा घाईनं बोल्ट ओढला. अस्वलाचं काम वहिनीनं केलं, आणि जरा जास्तच मन लावून केलं. बोल्ट निसटला. पुन्हा निसटला. वहिनीनं एवढंच विचारलं, की ही रायफल घेऊन मी स्वतः अस्वलासमोर उभा राहिलो असतो का. मी पाना शोधायच्या निमित्तानं बाकाखाली शिरलो आणि तिथेच थांबलो.

मैदानावर सावकाश एकेक काडतूस हातानं भरणाऱ्याला ही बारीक कड चालेल. जिथे दुसरा बार निघालाच पाहिजे, तिथे नाही. बोल्ट बदलायला मला कोणी अडवलं नव्हतं. जुन्याच बोल्टवर भागवतो, ही हुशारी मिरवायची होती मला. आता पोटाइतकीच रुंद कड असलेलं काडतूस घेतलंय, त्याच्या मापाचा नवा बोल्ट आणि नळीही बसवली आहे. टपालावर माझा भरवसा नाही, स्वतःच घेऊन येतो. हात थरथरत असेल तर थरथरू दे, दोघं मिळून थरथरू.

भेटीअंती बोलूच. तोवर मला शिव्या द्यायच्या असतील तर अस्वलाला दिल्यास त्याच दे.

दादा

१ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलास ना? छावणीत अजून तुझाच विषय चालू आहे. ओढा ओलांडताना तू गळ्यापर्यंत बुडालास, पण डोक्यावर धरलेली रायफल कोरडी राहिली, हे सगळे आदरानं सांगतात. हसून झाल्यावर सांगतात.

तू उतारावर मला गुडघ्यावर बसून, पालथं पडून, हातमोज्यांनिशी बोल्ट ओढायला लावलंस, त्यात एकही काडतूस मागे राहिलं नाही. हाताची थरथर थांबली. दमून थांबली असेल असं वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशीही आली नाही.

तरीही मी जाणारच होते. तू गेल्यावर पिशवी भरायला घेतली, तर साहेब गळ्यात हात अडकवून दारात उभे. दुसरा राखणदार त्यांनी शोधलाच नव्हता. म्हणाले, की रायफल चालते की नाही हे कोणीही तपासून देईल. ती चालली नाही तेव्हा मी त्यांच्यापुढून हलले नाही, हे त्यांनी तिघांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तसं माणूस त्यांना शोधून सापडायचं नाही.

पायांतला जीवच गेला होता म्हणून हलले नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आलेले दिसले, आणि मी तोंड मिटलं. पिशवी रिकामी केली. आज सकाळी पहाऱ्यावर गेले.

पायांचं तेवढं कोणाला बोलू नकोस. वहिनीला सांगितलंस तर चालेल, ती ओळखून असेलच.

तुमच्या दोघांच्या मायेची,
धाकटी